तेवढ्याच मोठ्याने

तीर्थरूप मोठ्या भाऊजींना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमच्या गुडघ्यांची चौकशी यांनी केली आहे, पित्ताची मी करते, आणि जाऊबाईंची वेगळी करत नाही, कारण तुमचे गुडघे आणि पित्त दोन्ही सांभाळणारं माणूस ठणठणीतच असणार. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काय, विद्यापीठ काय म्हणतंय?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तुम्ही तुमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या विषयावर घसरलात. (हे मधेच झोपी गेले. मी शेवटपर्यंत ऐकलं. गळती थांबली का?) तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. समोरच्याला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे.

मी बसते तो रसायनशास्त्र विभाग तुम्ही पाहिलेला नाही. लांबच लांब कॉरिडॉर, एका बाजूला प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला प्राध्यापकांच्या खोल्या, आणि जिन्याच्या तोंडाशी, जिथे माणसं आणि वास दोन्ही सगळ्यांत आधी पोचतात, तिथे माझं टेबल. आमच्या विभागप्रमुखांना आम्ही कुकर म्हणतो. (अर्थात पाठीमागे. पुढ्यात 'सर'.) माणूस विद्वान आहे, आणि मनाने वाईट नाही असं सगळेच सांगतात, फक्त सांगताना आधी दार लागलंय का ते बघतात. त्यांचा राग चढायला लागला की नाकातून बारीक शिट्टी वाजते. ती ऐकली की जाणते लोक चहाचा कप उचलून दुसऱ्या मजल्यावर जातात. नवखे थांबतात. मग जो स्फोट होतो त्याने प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या किणकिणतात. आमच्याकडे काचसामान वरचेवर का मागवावं लागतं, याचं खरं कारण कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरी व्यक्ती म्हणजे मावशी. प्रयोगशाळेची भांडी धुणं, फरशा पुसणं, खोल्या उघडणं-लावणं हे त्यांचं काम. मावशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कुणी गरीब गाय आली असेल तर तिला आधी घालवून द्या. आमच्या मावशी उशिरा येतात, आणि उशीर का झाला ते इतकं रंगवून सांगतात की त्यात आणखी उशीर होतो. काम मात्र चोख करतात. आणि काम करताना गातात. त्यांची आणि सुरांची अजून गाठ पडलेली नाही, पण त्यांनी उमेद सोडलेली नाही. आम्ही दोघी दुपारी प्रयोगशाळेमागच्या ओट्यावर डबा खातो. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं की त्या तसं तोंडावर सांगतात, आणि मग तीच भाजी संपवून टाकतात. मला त्या विभागात दुसरं इतकं जवळचं माणूस नाही.

आता झालं ते ऐका. बाहेरून एक तपासणी समिती यायची होती. कुकरसरांनी फर्मान काढलं, सगळं लख्ख दिसलं पाहिजे. मावशींनी ते मनावर घेतलं. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत सगळे फळे पुसत निघाल्या. सरांच्या बैठकीच्या खोलीतल्या फळ्यावर सर कित्येक आठवडे काहीतरी समीकरणं मांडत होते. कोपऱ्यात चौकट करून लिहिलं होतं, 'पुसू नये'. मावशींना वाचता येतं. त्यांनी ती चौकट वाचली, तिचा मान ठेवला, आणि तिच्या आजूबाजूचं सगळं हलक्या हाताने पुसून काढलं. सर खोलीत शिरले तेव्हा अख्ख्या काळ्याभोर फळ्यावर एवढंच होतं: 'पुसू नये'.

शिट्टी मी माझ्या टेबलाशी ऐकली. मावशी तेव्हा कॉरिडॉरमध्ये बादली घेऊन उभ्या होत्या, आणि नेमकी पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रयोगशाळा सुटत होती. सरांनी सगळ्यांदेखत तोंड सोडलं. "ए बाई! तुला अक्कल आहे का? डोळे कुठे ठेवून येतेस? असल्यांना कामावर ठेवतं कोण?" आणखीही बरंच होतं, ते मी लिहीत नाही. मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. दोघं-तिघं हसली. (भीतीने हसली असतील, पण हसली.)  मावशींनी फडकं पिळलं, बादली उचलली आणि त्या गेल्या. भाऊजी, त्या बाईंना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर आल्या. इथेच माझा धीर सुटला. आल्या, काम केलं, गायल्या नाहीत. डबा खाताना म्हणाल्या, "मी साहेबांना सांगून आले. महिनाअखेर मला ग्रंथालयाच्या इमारतीत टाका म्हणून." साहेब म्हणजे कुलसचिव, विद्यापीठाचा सगळा कारभार बघणारे. मी म्हटलं, अहो, ग्रंथालयात तुम्हाला गाता येणार नाही. तर म्हणाल्या, "आता कुठे गातेय?"

कुलसचिव शांत गृहस्थ आहेत. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की बाईंची माफी मागा आणि प्रकरण मिटवा, नाहीतर मला ते वर न्यावं लागेल. सर परत आले ते चेहरा पाडून. मला वाटलं, चला, एका वाक्याचं तर काम आहे. पण भाऊजी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःच्या चुकीचं वाक्य जुळवताना किती घाम फुटतो, ते मी याचि डोळा पाहिलं. आधी त्यांनी मावशींना केबिनमध्ये बोलावलं. मावशी दारातच थांबल्या. "आत मी पुसायला येते. पुसून झालंय." सर म्हणाले, जरा बसा ना. मावशी म्हणाल्या, "फरशी ओली आहे," आणि निघून गेल्या. मग सरांनी माझ्याकरवी निरोप धाडला, की सरांना फार वाईट वाटतंय. मी तो ओट्यावर पोचवला. मावशी म्हणाल्या, "वाटू दे." हा उलट निरोप मी सरांकडे कसा नेणार? मी सांगितलं, "त्या विचार करतायत." तिसऱ्या खेपेला सरांनी मला समोर बसवून वाक्य सांगितलं: "झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो." ते मी जसंच्या तसं मावशींना ऐकवलं. त्यांनी घास चावून गिळला आणि विचारलं, "दिलगिरी म्हणजे काय? माफीच ना?" मी म्हटलं, हो, साधारण तसंच. "मग माफी का नाही म्हणत? आणि व्यक्त करतो म्हणजे कुणाकडे करतो? मला तर काही दिसली नाही."

त्यानंतर त्यांनी आपली अट सांगितली. अट ऐकायला साधी होती. जिथे ओरडले त्याच कॉरिडॉरमध्ये, मुलं सुटायच्या वेळेला, आणि जेवढ्या मोठ्याने ओरडले तेवढ्याच मोठ्याने. "चारचौघांत केलेला अपमान आणि केबिनमध्ये कुजबुजून माफी, हा कुठला हिशोब?" मी ही अट सरांना सांगितली. (म्हणजे शेवटचा भाग आधी गाळला. मग राहवेना म्हणून तोही सांगितला.) सरांची शिट्टी वाजायला लागली. मी कप उचलला. पण शिट्टी अर्ध्यावरच विरली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. "कॉरिडॉरमध्ये?" म्हणाले. "मुलांसमोर?" मी म्हटलं, सर, मुलं तेव्हाही होतीच.

दरम्यान कुलसचिवांनी दुसरी तजवीज केली. सगळ्या विभागांसाठी एक कार्यशाळा ठेवली: 'सहकारी कर्मचाऱ्यांशी सौजन्याने कसे वागावे'. प्राध्यापक आणि शिपाई, माळी, सफाईवाले, आम्ही कारकून, सगळे एका सभागृहात एकत्र बसलो. शिकवायला बाहेरून एक प्रशिक्षक बाई आल्या होत्या. त्या माइक असूनही ओरडत होत्या, त्यामुळे सौजन्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. त्यांनी सांगितलं, कुणालाही 'ए' म्हणू नये, 'अरे-तुरे' करू नये, शक्यतो 'आपण' म्हणावं. आमच्या माळीदादांना तिथेच डुलकी लागली होती. त्यांना त्या म्हणाल्या, "आपण जागे व्हा!" तर पहिल्या रांगेतले चार प्राध्यापक दचकून सावरून बसले.

मग त्यांनी भूमिका बदलायचा खेळ काढला. प्राध्यापकाने कर्मचारी व्हायचं, कर्मचाऱ्याने प्राध्यापक. बाईंना इथलं काहीच ठाऊक नव्हतं, नाहीतर त्यांनी त्या गर्दीतून नेमक्या आमच्या मावशी आणि नेमके कुकरसर निवडलेच नसते.  सरांच्या हातात झाडू दिला. मावशींना खुर्चीत बसवलं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता मावशी शिट्टी वाजवणार, ओरडणार, आणि उट्टं काढणार. मी तर डोळे अर्धे मिटूनच घेतले होते.

मावशींनी काहीच केलं नाही. पदर सारखा करून खुर्चीत टेकून बसल्या, मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिल्या. सर झाडू घेऊन समोर उभे. थोड्या वेळाने सर म्हणाले, "मॅडम..." मावशींनी मान वर केली नाही. फक्त एक बोट वर केलं, थांबा म्हणून. पुन्हा मोबाईल. मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी झाडू या हातातून त्या हातात घेतला. खाकरले. "मॅडम, खोली झाडू का?" मावशी मोबाईलकडेच बघत म्हणाल्या, "अजून इथेच?" एवढंच. अख्खं सभागृह हसलं, प्रशिक्षक बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मात्र सरांकडे बघत होते. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. कान लाल झाले होते, आणि तो झाडू कुठे ठेवायचा हे न कळल्यासारखे ते उभे होते. शेवटी मावशींनीच उठून तो त्यांच्या हातातून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून सर बदलले, पण इतके बदलले की आमच्या नाकी नऊ आले. कार्यशाळेतला 'आपण' त्यांनी असा काही आत्मसात केला की कॉरिडॉरमधून चालणं मुश्कील झालं. मावशींची बादली वाटेत होती, तर सर लांबूनच हात जोडून म्हणाले, "आपण आपली बादली आपल्या बाजूला घ्याल का?" मावशींनी बादलीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "आपली म्हणजे कुणाची? आणि बाजू कुणाची?" तेवढ्यात पलीकडून येणारे सहप्राध्यापक, आपल्यालाच सांगितलं असं समजून, बादली उचलून घेऊन गेले. ती आम्हाला संध्याकाळी भौतिकशास्त्र विभागात सापडली. दाराशी तर सर मावशींना "आधी आपण" म्हणायचे, मावशी "तुम्ही जा" म्हणायच्या, आणि मागे मुलांची रांग लागायची. एवढं सगळं होऊनही माफी काही तोंडातून निघत नव्हती. मावशी मला म्हणाल्या, "बघ, हात जोडणं सोपं आहे." महिना संपत आला होता. त्यांनी आपली प्रयोगशाळेतली जुनी स्टुलावरची उशी धुऊन वाळत घातली, बरोबर न्यायला. ती उशी दोरीवर बघून मला दुपारी जेवण गेलं नाही.

आणि मग त्या दिवशी, पहिल्या वर्षाची प्रयोगशाळा सुटायच्या वेळेला, सर केबिनमधून बाहेर आले आणि कॉरिडॉरच्या मधोमध उभे राहिले. मावशी समोरच्या टोकाला फरशी पुसत होत्या. दारं उघडली, मुलं बाहेर पडली. आणि शिट्टी वाजली. (त्यांना ते आवरत नाही हो, भाऊजी. रागाची आणि घाबरल्याची शिट्टी एकच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.) मुलं सवयीने भिंतीला चिकटली. दोन प्राध्यापकांनी आपापली दारं आतून लावून घेतली. सरांनी छाती भरून श्वास घेतला आणि गरजले:

"मावशी! चुकलं!"

काचा हादरल्या. खाली पोर्चमध्ये सुरक्षारक्षक उभा होता, त्याला एवढंच ऐकू आलं. त्याला वाटलं, सर पुन्हा मावशींच्या चुका काढतायत. तो जिना चढत धावला. बागेतून माळीदादा पाण्याचा पाइप हातात तसाच घेऊन धावले, आणि पाइप बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. भौतिकशास्त्रातले शिपाई आले. क्षणात सर आणि मावशी यांच्यामध्ये पाचसहा जण छातीचा कोट करून उभे राहिले, आणि रक्षक म्हणाला, "सर, आता एक शब्द बोलायचा नाही."

सर म्हणाले, "अहो, मला एक शब्द बोलू द्या!"

"नाही म्हटलं ना!"

"अहो, माझं चुकलं म्हणतोय मी! माझं!" सर पुन्हा ओरडले. पायाखाली पाण्याचं तळं झालं होतं. "मी माफी मागतोय! मावशी, मी सगळ्यांसमोर तुम्हाला वाटेल ते बोललो. ते माझं चुकलं. मला माफ करा."

 रक्षक ओशाळून बाजूला झाला. माळीदादांनी पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं, त्यामुळे पाणी सरळ नोटीस बोर्डावर उडालं, पण तिकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मावशी हातात फडकं घेऊन पुढे आल्या.

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "फळा मी पुसायला नको होता. मला शंका आली होती, पण विचारायचा कंटाळा केला. ती चूक माझी. त्याबद्दल तुम्ही बोलला असतात तर मी ऐकून घेतलं असतं. पण तुम्ही मला 'ए' म्हणालात."

"नाही म्हणणार," सर म्हणाले. "आपण—"

"आणि 'आपण'ही नको. 'तुम्ही' पुरे."

सरांनी मान हलवली. मग काय करावं ते न सुचून त्यांनी खाली वाकून बूट काढले, कारण ते भिजले होते, आणि मोजे हातात घेऊन केबिनमध्ये गेले. मावशींनी माळीदादांना तो पाइप घेऊन आधी खाली जायला सांगितलं. ज्या आवाजात सांगितलं त्याबद्दल एक वेगळी कार्यशाळा घ्यावी लागेल. पण त्या दुपारी कॉरिडॉर कोरडा करताना त्या गायल्या. इतक्या बेसूर गायल्या की दुसऱ्या मजल्यावरून लोक बघायला आले. मला भरून आलं. ग्रंथालयाचं त्यांनी रद्द केलं. ("तिथे भांडायला कुणी नाही," म्हणाल्या.) सर अजून पूर्ण सुधारले आहेत असं म्हणता येणार नाही. कर्मचाऱ्यांशी नीट बोलतात, पण सगळी वाफ आता सहप्राध्यापकांवर सोडतात, आणि परवा त्यांच्यातले दोघं माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेले, की ती कार्यशाळा आमच्यासाठी ठेवता येईल का.

असो. पत्र लांबलं. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमची धाकटी भावजय

ता. क. तुम्ही पुढच्या आठवड्यात डोळे दाखवायला इकडे येताय असं हे म्हणाले. आनंद आहे. तुमच्यासाठी खिडकीजवळची खाट लावून ठेवली आहे.

ता. क. आणखी एक. आमच्या इमारतीचे वॉचमनकाका तुम्हाला आठवत असतील. गेल्या वेळी आलात तेव्हा तुम्ही गाडीतून उतरता उतरता "ए, धर, नीट लाव," म्हणत त्यांच्याकडे किल्ली फेकली होती. ती त्यांच्या छातीला लागून खाली पडली आणि त्यांनी ती वाकून उचलली.  शाळेतून आली की आमची छोटी मी घरी येईपर्यंत त्यांच्याच खोलीत बसते. त्या दिवशीही तिथेच होती. परवा तिने आल्या आल्या दप्तर त्यांच्या अंगावर भिरकावलं आणि म्हणाली, "ए, धर." मी नेमकी मागून येत होते. तिला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठे शिकलीस? तिने सांगितलं. तिने काकांची माफी मागितली आहे. तुम्ही आल्यावर एवढंच करा, गाडीतून खाली उतरा, चार पावलं चाला आणि किल्ली त्यांच्या हातात द्या. सोबत काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. छोटी तेव्हा तिथेच बसलेली असेल.

ता. क. हे पत्र यांनी आत्ता वाचलं. म्हणाले, दादाला असं कधी कुणी लिहिलेलं नाही, वरचा किल्लीचा मजकूर काढून टाक आणि पत्र पुन्हा लिही. मी बरं म्हटलं आहे. तो मजकूर तुमच्यापर्यंत पोचलाच, तर काढायचा राहून गेला असं समजा.